मलकापूरचा श्रोता आणि कोल्हापूरची मैफल

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून गाण्याचे वेड असलेली माणसे जुन्या मैफली आठवत नव्या वास्तूकडे डोळे लावून बसली आहेत. त्यांत केवळ शहरातले लोक नाहीत, आंबा घाटाच्या वाटेवरच्या मलकापूरसारख्या गावांतलेही आहेत. भिंती उभ्या राहिल्या, पडदा लागला की मैफल आपसूक परतेल, असे त्यांतले बहुतेक जण धरून चालतात. कोल्हापूरचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. इथली मैफल याआधीही मोडली होती. ती परतली, कारण दर वेळी तिला नवा पोशिंदा मिळाला.

गायन समाज देवल क्लब 1883 चा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी आले ते त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. 1902 च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी तिकडची नाट्यगृहे पाहिली आणि 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभे केले. तेच पुढे केशवरावांच्या नावाचे झाले. खासबागेचा कुस्त्यांचा आखाडा शेजारीच आहे. एका हाताने पैलवान आणि दुसऱ्या हाताने गवई पोसणारा राजा 1922 मध्ये गेला, खाँसाहेबांनी मुंबई गाठली आणि दरबारी गाण्याचा कणाच मोडला. दहा वर्षांनी बोलपट आला. ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबेच 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त नायक म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, संगीत नाटकाचे दिवस फिरले होते, हे यातून कळावे. 1949 मध्ये संस्थानही विलीन झाले. तरी गाणे तगले, कारण खाँसाहेबांचे पुत्र भुर्जी खाँ कोल्हापुरात राहून शिकवत होते आणि देवल क्लबात ऐकणारे जमत होते. धोंडूताई कुलकर्णींची सुरुवातीची तालीम याच कोल्हापुरातली. राजाची जागा हळूहळू शिष्यांनी आणि श्रोत्यांनी घेतली.

यावर कोणी म्हणेल, दरबारी गाणे ही मूठभरांची चैन होती, त्याच्याशी खेड्यातल्या माणसाचे काय नाते? आक्षेप अर्धा खरा आहे. दिवाणखान्यात सगळ्यांना शिरकाव नव्हता. पण ‘स्वयंवर’च्या चाली बांधणाऱ्या भास्करबुवा बखल्यांनी अल्लादिया खाँची तालीम घेतली होती, आणि नाटक तिकीट काढून कोणालाही बघता येई. दरबारातली गायकी बाजाराच्या दिवशी तालुक्यातून आलेल्या माणसाच्या कानावर पडली ती याच वाटेने. दुसरा आक्षेप आजचा: सगळे काही मोबाईलवर ऐकायला मिळते, मग सभागृह हवे कशाला? त्याला खाँसाहेबांचेच उदाहरण पुरेसे आहे. त्यांची एकही व्यावसायिक ध्वनिमुद्रिका नाही. त्यांच्या शिष्या केसरबाईंची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, पण त्यांच्या गुरूचा आवाज ऐकायची सोय पृथ्वीवर नाही. खाँसाहेबांचे जयपूर घराणे पसरले ते समोर बसलेल्यांमुळे. आणि ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांनाही एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात रागाची ओळख होते, विस्तार होत नाही.

मलकापूरचा प्रश्न इथून सुरू होतो. 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर विशाळगडच्या प्रतिनिधींचे ठाणे गडावरून इथे आले, म्हणजे छोटी का होईना, जहागिरीची राजधानी. पण मोठ्या गाण्यासाठी रस्ता कोल्हापूरचाच धरावा लागतो. पन्नास किलोमीटरच्या आतला. अंतर फार नाही, अडचण वेळेची आहे. जुने संगीत नाटक रात्री जेवणे उरकल्यावर सुरू व्हायचे आणि ‘वन्स मोअर’ घेत घेत पहाटे संपायचे. बाहेरगावचा प्रेक्षक उजाडल्यावर निवांत परतीला लागे. आजचा कार्यक्रम रात्री साडेनऊ-दहाला रंगात येतो आणि मागच्या रांगांत चुळबुळ सुरू होते, कारण एसटी चुकली की रात्र स्टँडवर काढावी लागते. ज्याच्याकडे स्वतःची गाडी, त्यालाच भैरवी. (रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे ती उघड्या जागी, बंदिस्त सभागृहाला नियमातच सूट आहे. तेव्हा रात्रभराची मैफल कायद्याने बंद पडली, असे सरसकट म्हणता येत नाही.)

कोल्हापुरातलेच श्रोते पुरेसे आहेत, बाहेरगावच्यांसाठी वेळापत्रक कशाला बदलायचे, असे आयोजक म्हणतील. पण शाहू गेले, संस्थान गेले. आता पोशिंदा तिकीट काढणारा माणूस आहे, आणि त्यातला तालुक्याचा वाटा आपल्या हाताने तोडणे शहाणपणाचे नाही. शिवाय संध्याकाळच्या मैफलींमुळे तोडी, जौनपुरी, सारंग हे राग प्रत्यक्ष ऐकायला फारसे मिळतच नाहीत. म्हणून नाट्यगृह उघडेल तेव्हा संयोजकांनी महिन्यातला एक रविवार तरी सकाळच्या गाण्याला द्यावा: नऊला सुरुवात, दीडपर्यंत समाप्ती. मलकापूरचा माणूस पहिल्या एसटीने येईल आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचेल.