पेटी, ऑर्गन आणि साथीचे यंत्र

वसई-विरारमध्ये गाण्याचा कार्यक्रम ठरला की ‘कॅसिओ कोण वाजवणार?’ असे विचारतात. कंपनी कोणतीही असो, नाव तेच. दीर्घ खंडानंतर आम्ही काही प्राध्यापक नाट्यगीते आणि भक्तिगीते घेऊन पुन्हा मंचावर जाणार आहोत, तेव्हा ‘ॲरेंजर’ जातीचा कीबोर्ड घ्यावा काय, हा प्रश्न आमच्यापुढे आला. डाव्या हाताने कॉर्ड धरली की हे यंत्र ताल, बास आणि उरलेला वाद्यमेळ आपसूक वाजवू लागते.

प्रश्न वरवर पाहता नवा. इतिहास मात्र जुना आहे. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट मिळालेली हार्मोनियम इकडे आली आणि हाताने भाता चालवायची पेटी होऊन बैठकीत रुळली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचे पर्व सुरू झाले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला प्रतिष्ठा दिली, ऑर्गन तर नाट्यपदाची ओळखच ठरला. आक्षेप होता तो स्वराचा: ठोकळेबाज बारा पट्ट्यांत मींड आणि श्रुती कशा मावणार? ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ उजाडले.

गंधर्व नाटक मंडळीचे उदाहरण येथे बोलके आहे. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता. पण कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबलाही होता. नव्या वाद्याने जुन्या साथीदाराला उठवले नव्हते. आमच्या वसईतील चर्चमध्येही, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट मोकळी केल्यावर, मराठी भक्तिगीते उपासनेत आली. त्याच दस्तऐवजाने पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडले होते.

आजच्या यंत्राने स्वराचा आक्षेप काहीसा सौम्य केला आहे. बऱ्याच मॉडेलांत एकेक स्वर किंचित चढवता-उतरवता येतो. गायकाची पट्टी तर एका बटणावर बदलते. अडचण लयीची आहे. पेटीवाला गायकाच्या श्वासासाठी थांबतो, यंत्राचा ठेका थांबत नाही. शिवाय तो ठेका सुरू झाला की तबलजीची जागा आणि बिदागी, दोन्ही जातात. संघातील ज्येष्ठ तबलजींनी एवढेच विचारले, “मग मी यायचे की नाही?” त्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो.

शेवटी कीबोर्ड घ्यायचे ठरले. एकसष्ट पट्ट्यांचा, विरार लोकलमधून नेता येईल इतका हलका. दुकानात गायिकेला आणि तबलजींना सोबत न्यायचे, ठेका बंद ठेवून केवळ ऑर्गनच्या आवाजावर एक पद म्हणून पाहायचे. त्या आवाजात पद उभे राहिले तरच तो घ्यायचा. शंभर तयार ठेक्यांची जाहिरात आम्हांस मोहात पाडू शकणार नाही, असे नाही. म्हणूनच तबलजींना नेणे अगत्याचे.