तंटामुक्त गाव मोहीम, जालना जिल्ह्याच्या संदर्भात

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम : गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत आणि नवे तंटे उद्भवू नयेत, यासाठी महाराष्ट्राच्या गृह विभागाने 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू केलेली मोहीम. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील हे तिचे प्रवर्तक. ग्रामसभेने समिती नेमायची, समितीने दिवाणी, महसुली व फौजदारी तंट्यांची नोंदवही ठेवायची, तडजोडी घडवायच्या आणि मूल्यमापनात उतरलेल्या गावाला राज्याने लोकसंख्येनुसार 1 लाखापासून 10 लाख रुपयांपर्यंत बक्षीस द्यायचे, अशी तिची रचना. पैसा राज्याचा, माणसे, वेळ आणि शब्द खाली पडू न देण्याची जबाबदारी गावाची. हाणामारी व खून टाळण्याचा भार राज्य आणि स्थानिक संस्था मिळून कसा उचलू शकतात, हे पाहायचे तर महाराष्ट्रातला हाच प्रयोग आधी पाहावा लागतो.

1 मे 1981 रोजी स्थापन झालेला जालना जिल्हा आठ तालुक्यांचा. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 19.59 लाख होती आणि पाचांतली चार माणसे खेड्यात राहत होती. अशा जिल्ह्यात हिंसेचे एक मूळ बहुतेकांना ठाऊक असते, ते म्हणजे बांध. पेरणीपूर्वी ट्रॅक्टर फिरतो, काळ्या जमिनीत एक तास शेजाऱ्याच्या अंगाला सरकतो. पुढच्या वर्षी आणखी एक. बांध कोरला गेल्याचे लक्षात येते तेव्हा हाताशी काठी किंवा कुऱ्हाड असते. पोलीस ठाण्यात आधी ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार) नोंदवली जाते, मग दोन्हीकडच्यांवर ‘चॅप्टर केस’ (प्रतिबंधक कारवाई) होते आणि तेवढ्याने भागले नाही तर एखादा जिवानिशी जातो. म्हणजे या हिंसेला ठिकाण आहे आणि हंगामही आहे. जिचे ठिकाण आणि हंगाम आधी कळतो, त्या हिंसेवर आधी खर्च करता येतो.

मोहिमेचे अपुरेपण नेमके इथे आहे. तिचा पैसा शांततेच्या शेवटी येतो, तंट्याच्या सुरुवातीला नाही. समितीचे अध्यक्ष व सदस्य विनामोबदला काम करतात. हद्द कायम करण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यायची तर फी शेतकऱ्याने भरायची, आणि ज्याला नक्की निकाल हवा असतो त्याच्याकडे बहुधा तेवढीच रक्कम नसते. बक्षीस एकदा मिळाले की पुढच्या वर्षी काय, याचे उत्तर रचनेत नव्हते. पहिल्या वर्षांचा जोर ओसरला तो त्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायतीने स्वतः तरतूद करावी म्हटले, तर 2021 ते 2026 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा 60 टक्के वाटा पाणी व स्वच्छतेला बांधलेला आणि उरलेल्यातून आस्थापना खर्च वर्ज्य. याउलट जानेवारी 2023 मधली सलोखा योजना पाहा. एकमेकांच्या जमिनी किमान 12 वर्षे कसणाऱ्या शेतकऱ्यांनी अदलाबदलीचा दस्त केला, तर मुद्रांक शुल्क 1,000 आणि नोंदणी फी 1,000 रुपये. राज्याने आपला महसूल सोडला, म्हणजे तंट्याच्या मुळाशीच पैसा घातला. स्कॉटलंडमध्ये 2005 साली ग्लासगोच्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी जे स्वतंत्र पथक उभारले, त्यालाही पुढे तिथल्या सरकारच्या निधीचा आधार मिळाला. ते बक्षिसावर चालले नाही.

तडजोड म्हणजे दुबळ्याने माघार घेणे, हा आक्षेप गंभीर आहे. मराठवाड्याने 1978 मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्यांवरचे हल्ले पाहिले आहेत. तिथे ‘गावाची शांतता’ हा शब्द सर्वांसाठी सारखा नसतो. म्हणून अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे, बलात्कार, खून हे समितीपुढे येताच कामा नयेत. कायद्याने तडजोडयोग्य ठरवलेल्या गुन्ह्यांतच समितीने हात घालावा. मात्र यावरून समितीच नको असे ठरत नाही. बांधावर तहसीलदाराच्या आदेशाची वर्षानुवर्षे वाट पाहत बसणाराही बहुधा लहान शेतकरीच असतो. दुसरी मर्यादा आवाक्याची. अंबड, घनसावंगी तालुक्यांतल्या गोदापात्रातील बेकायदा वाळूउपशाचा प्रश्न दोन भावांमधला नाही, तो पैशाचा आणि टोळ्यांचा आहे. तिथे पोलिसांना वाहने, नाके आणि कॅमेरे हवेत. त्यासाठीची जागा जिल्हा नियोजन समिती. 1998 च्या कायद्याने तिचे बहुसंख्य सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांतून निवडलेले, अध्यक्ष पालकमंत्री. म्हणजे राज्याचा पैसा आणि स्थानिकांचा निर्णय एका टेबलावर येतो. राज्यातील जिल्ह्यांनी या निधीतून पोलिसांना वाहने व सीसीटीव्ही दिलेही आहेत. याच समितीच्या बैठकीत मोजणीच्या फीसाठी एक ओळ घालायला अडचण नसावी.

सर्वांत अवघड आक्षेप मापाचा आहे. बक्षीस तंटे कमी दाखवण्यावर असेल, तर तक्रार दाबण्याचा मोह होणारच. नोंद घटली म्हणजे मारहाण घटली असे नाही. हे मान्य करावेच लागते. पण मापच बदलता येते. वेल्समधील कार्डिफ येथे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी दाखवून दिले की पोलिसांपर्यंत न पोहोचलेली कितीतरी हिंसा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नोंदता येते, आणि ती कोठे, कशाने झाली एवढे विचारले तरी पोलीस व नगरपालिकेला उपयोगी पडते. जालन्यात त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. भोकरदन असो वा परतूर, डोके फुटून आलेल्या माणसाला टाके घालण्याआधी सरकारी दवाखान्यात ‘एमएलसी’ (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) लिहिली जाते. त्या वहीत आणखी दोन रकाने हवेत : मार कोणत्या गावच्या शिवारात बसला, आणि कशावरून.