फॉर्ममधून फाईल-प्रेषण : असमकालिकतेचा उगम आणि सर्व्हरचे दायित्व

पृष्ठ न बदलता फॉर्ममधून फाईल पाठविण्याची रीत ही २००५ नंतरची निर्मिती होय, असा समज रूढ आहे. त्या वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ हे नाव प्रचारात आणले, हे त्याचे कारण असावे. परंतु सर्व्हरच्या बाजूने पाहिल्यास हा कालनिर्णय टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

फाईल स्वीकारण्याची मूळ योजना झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल व लॅरी मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये आर.एफ.सी. १८६७ या लेखाद्वारे मांडली. तत्पूर्वी फॉर्ममधील मजकूर नाव व मूल्य यांच्या जोड्यांनी जात असे. मोठ्या फायलींस ती पद्धती गैरसोयीची होती. म्हणून त्यांनी ई-पत्रांसाठी १९९२ मध्ये बोरेन्स्टाईन व फ्रीड यांनी सिद्ध केलेली ‘माइम’ची बहुखंड रचना उसनी घेतली. तीत प्रत्येक खंड एका सीमाचिन्हाने वेगळा होतो व त्याच्या शिरोभागी फाईलचे नाव आणि प्रकार असतो. मात्र ही दोन्ही पाठविणाऱ्याची विधाने होत, पुरावे नव्हेत.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याचे फळ पी.एच.पी.च्या इतिहासात दिसते. तेथे आलेली फाईल तात्पुरत्या जागी ठेवून तिचा पत्ता एका सामान्य चलात दिला जाई. त्याच नावाच्या साध्या रकान्यात सर्व्हरवरील एखाद्या गोपनीय फाईलचा पत्ता कोणी लिहून पाठविला, तर प्रोग्रॅम तिलाच ‘आलेली फाईल’ समजे. २००० मध्ये हा दोष उघड झाला. त्याच वर्षीच्या ४.०.३ आवृत्तीत फाईल खरोखर अपलोड होऊन आली आहे काय हे तपासणारी फंक्शने आली. २००१ च्या ४.१.० आवृत्तीत आलेल्या फायलींची नोंद स्वतंत्र झाली.

आता असमकालिकतेकडे वळू. एक्स.एम.एल.एच.टी.टी.पी. रिक्वेस्ट ही सोय इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत १९९९ मध्येच होती. पण वापरकर्त्याची फाईल वाचण्याची मुभा पृष्ठावरील स्क्रिप्टला नसल्यामुळे ती येथे निरुपयोगी ठरली. तेव्हा अदृश्य चौकट योजून फॉर्म तीत पाठविण्याची युक्ती निघाली. २०१० च्या सुमारास ‘फॉर्मडेटा’ आल्यावर तिची गरज संपली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, तिन्ही अवस्थांत सर्व्हरकडे पोहोचणारी रचना १९९५ चीच होती.

मग बदलले काय? उत्तराचे स्वरूप. पूर्वी सर्व्हर संपूर्ण पृष्ठ परत करी व अपयश आपोआप डोळ्यांसमोर येई. आता पृष्ठ जागचे हलत नाही. सर्व्हरने नकार स्पष्ट न कळविल्यास, अथवा पृष्ठाने तो न दाखविल्यास, फाईल पोहोचली असाच वापरकर्त्याचा ग्रह होतो. फाईल येत असतानाच प्रगती विचारणारी दुसरी विनंतीही येऊ लागली, पी.एच.पी.ने २०१२ च्या ५.४ आवृत्तीत त्यासाठी सेशनमध्ये नोंद ठेवण्याची सोय केली.

तात्पर्य, असमकालिकता ब्राउझरमध्ये जन्मली. सर्व्हरची जुनी कर्तव्ये, म्हणजे आकार मोजणे, आशय तपासणे, स्वतः नवे नाव देणे व मगच फाईल कायम जागी हलविणे, तशीच राहिली. त्यांत एकाची भर पडली : निःसंदिग्ध उत्तर देणे.