पितळेची बाजू

बंगळूरच्या आमच्या पहिल्या नेमणुकीत एका सहकाऱ्याने हळूच बजावले, "साहेबांचा कान हित्ताळेचा आहे, जपून असा." हित्ताळे म्हणजे पितळ, एवढे तेथील भांड्यांच्या दुकानांनी आम्हांस शिकविले होते, पितळी कान मात्र उमगेना. चहाडी ऐकताच खरी मानणारा, म्हणजे आपल्याकडचा हलक्या कानाचा, हा अर्थ पुढे कळला. तो कळण्यास आमच्याच विरुद्धची एक चहाडी कारण झाली, ते असो. पण तेव्हापासून हा शब्द आमच्या मागे लागला.

अमरकोशात पितळेची नावे रीति आणि आरकूट अशी आहेत. ती पोथीत राहिली. घराघरांत शिरला तो पित्तल. हिंदीत पीतल, बंगालीत पितल, तमिळमध्ये पित्तळै, तेलुगूत इत्तडि. आणि जुन्या 'प'चा 'ह' करण्याच्या कन्नडच्या सवयीमुळे तेथे हित्ताळे. बदली कोठेही होवो, भांड्यांच्या बाजारात हा एक ओळखीचा शब्द बहुधा भेटतोच. अर्थ मात्र प्रांताप्रांतात बदलतो. कन्नडिगाने पितळेला भोळसट कान दिला. आपण मराठी मंडळींनी तिच्यावर लबाडीचा आरोप ठेवला. 'पितळ उघडे पडले' म्हणताना वरचा मुलामा झिजून आतली हलकी धातू दिसल्याचे चित्र आपल्या मनात असते. आमचे म्हणणे असे की, यात पितळेचा अपराध कोणता? सोन्याचे पाणी तिने आपणहून चढवून घेतलेले नाही. सोंग आणणारा निराळाच. उघडी पडते ती बिचारी पितळ.

शिवाय ही धातू सहजासहजी साधलेली नाही. तांब्यात कथील मिसळले की कासे होते, जस्त मिसळले की पितळ. कथील सहज वितळते व हाती येते. जस्ताचे तसे नाही. खनिजातून ते सुटावे एवढी उष्णता द्यावी, तर ते वितळून न राहता वाफ होऊन निसटते आणि हवा लागताच त्याची राख होते. म्हणून पूर्वी जस्त वेगळे न काढता त्याचे खनिजच तांब्याबरोबर भट्टीत घालून पितळ करीत. या निसटत्या वाफेला पकडण्याची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळील जावरच्या कारागिरांना साधली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत तोंड खाली करून बसवायच्या. वर जाळ, खाली थंड कप्पा. वाफ खाली उतरते आणि तेथे जस्त होऊन थिजते. 'रसरत्नसमुच्चय' या रसग्रंथातही अशा वांग्यासारख्या मुशीचे वर्णन आहे. १९८३ साली जावरला उत्खननात जुन्या भट्ट्या मुशींसह सापडल्या. एकेका भट्टीत छत्तीस मुशी. वापरून टाकलेल्या मुशी गावकऱ्यांनी भिंतींच्या चिणाईत विटांसारख्या लावल्या आहेत! इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याच्या रीतीचे पेटंट घेतले ते १७३८ साली, जावरच्या भट्ट्या पेटल्यानंतर कित्येक शतकांनी.

त्याच रसग्रंथात पितळेची परीक्षाही सांगितली आहे. तापवून कांजीत टाकावी. तांबूस झाली तर रीतिका, काळी पडली तर काकतुंडी. वैद्याने पहिली घ्यावी, दुसरी टाकावी. म्हणजे शास्त्रकारांनी पितळेतही खरी आणि खोटी असा भेद केला होता. म्हण बनविणाऱ्यांना तेवढी सवड नव्हती.

स्वयंपाकघराने मात्र पितळेशी न्यायाने व्यवहार केला. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात राहिला की तांब्याचा अंश त्यात उतरतो आणि चव बिघडते. त्यासाठी मराठीने थेट क्रियापदच घडविले : ताक पितळते, आमटी कळकते. यात निंदा नाही, नुसती नोंद आहे. त्यावरचा उपाय जी कल्हई, ती मूळ अरबी. नवसागराच्या धुरात कथलाचा तो पांढरा हात भांड्याच्या पोटातून फिरताना लहानपणी आम्ही तासन् तास पाहत उभे राहिलो आहो. कल्हई हाही मुलामाच, पण तो आतून असतो आणि खाणाऱ्याच्या हितासाठी असतो.

पुढे पोलाद आले नि हे सारे फडताळावर गेले. कांस्यकाराचा कासार झाला होताच. आता कासार म्हटले की पुष्कळांना बांगड्याच आठवतात. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या हस्तकलेची युनेस्कोने २०१४ साली वारसा म्हणून नोंद केली.

दिल्लीस बदली झाली तेव्हा आजीचे घंगाळ आणि परात आम्ही मोडीत दिली. सामानाचे भाडे वजनावर होते, आणि केंद्र सरकारच्या कारकुनाने वजनाशी भांडू नये. दुकानदाराने घंगाळावर बोटाची पेरे वाजविली, "हित्ताळे" म्हणाला आणि आकडा लिहिला. मोडीत काढणे हा शब्द आम्ही कचेरीत रोज वापरतो. त्या दिवशी तो प्रथमच हातांनी केला. एक पातेले तेवढे ठेविले.

मागच्या महिन्यात आई आली होती. त्या पातेल्यात कढीसाठी ताक काढलेले पाहून ती दारातूनच ओरडली, "अरे, कल्हई कुठे आहे त्याला? पितळेल ते!" आमच्या आठ वर्षांच्या कन्येने विचारले, पितळेल म्हणजे काय? आम्ही पदवीधर, तांबे, आम्ल, क्षार असे बरेच सांगून पाहिले. शेवटी आईने करंगळीचे टोक ताकात बुडवून तिच्या जिभेला लावले. तिने तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "खरंच पितळलंय."