सोलापूर : प्रवास व मिश्र संस्कृती

महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवरील जिल्हा व शहर. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या वाटेवरचा थांबा एवढीच त्याची ओळख बहुतेक प्रवाशांना असते आणि ती अपुरी आहे. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू येथे एकाच बाजारात कानी पडतात. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत त्यांच्या नंदीध्वजांमागे मात्र सर्वभाषक सोलापूरकर चालतात. चादरींचे नाव दूरवर नेण्यात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचा मोठा वाटा आहे. हे शेजारी राहणे आहे, मिसळणे नव्हे, असा आक्षेप घेता येईल. पेठा वेगळ्या आहेत हे खरेच. पण ब्रिटिशांनी 1930 मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात एकत्र फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही नावेच त्याचे उत्तर देतात.

दुसरा आक्षेप रुक्षतेचा. पर्जन्यछायेतील हा प्रदेश हिरव्या डोंगरांचा नाही, मात्र त्याचे सौंदर्य गवताळ माळाचे आहे. 1979 मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यातील नान्नजचा माळ शहरापासून सुमारे 20 किमी. आहे. माळढोक आता तेथे क्वचितच दिसतो. काळविटांचे कळप मात्र सहज आढळतात.