कळफलकावरची बाळबोध

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) कलम १३७ मधील एका तरतुदीकडे आम्हा वकीलमंडळींचेही सहसा लक्ष जात नाही. दुय्यम न्यायालयाची भाषा कोणती, हे राज्य शासन जाहीर करू शकते. आणि तेथील अर्ज व कामकाज कोणत्या लिपीत लिहावे, हेही. भाषा आणि लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याने गृहीत धरले आहे. मराठीला हा भेद नवा नव्हता. छापील पुस्तक बाळबोधीत आणि हाताचा कागद मोडीत, अशी आपली जुनी वहिवाट होती. मोडीचा सारा जीव हात न उचलता लिहिण्यात. टंकयंत्र मात्र एकेक खूण सुटी उमटवते. त्यामुळे यंत्रावर आली ती बाळबोध. मोडी दफ्तरातून गेली त्याची कारणे अनेक असली, तरी हे एक कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १८७३-७४ च्या सुमारास बाजारात आणलेले यंत्र रोमन लिपीच्या २६ अक्षरांसाठी होते. पुढे त्याच घडणीच्या चाळीस-पंचेचाळीस कळांत बाळबोध बसवायची, म्हणजे एका कळेला दोन याप्रमाणे जेमतेम ९० खुणांत स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे आणि आकडे मावले पाहिजेत. यावर काढलेला तोडगा आम्हांला आजही थक्क करतो. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष यांना पूर्ण अक्षराची कळच दिली नाही. अर्धे अक्षर उमटवायचे आणि पुढे काना मारायचा. तोच काना ‘का’ला चालतो, ‘भ’लाही चालतो. उकार, मात्रा, अनुस्वार आणि रफार यांच्या कळा दाबल्या तरी गाडी पुढे सरकत नाही. खूण आधीच्या अक्षरावर किंवा खाली जाऊन बसते. ऱ्हस्व वेलांटी मात्र अक्षराच्या आधी. उच्चारात ती नंतर येते, पण यंत्र डोळ्यांचे ऐकते, कानांचे नाही.

यात मराठीची स्वतःची एक अडचण होती. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक, म्हणजे गुरू आणि स्वयंपाकी यांतला फरक, ज्या खुणेवर उभा आहे ती हिंदीला लागत नाही. ज्या यंत्रावर ती नसे, तेथे टंकलेखक जागा सोडून मागाहून पेनाने ती भरत असे. जुन्या कागदपत्रांत निळ्या शाईची अशी एखादी रेघ दिसली, की आम्ही क्षणभर थांबतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षी, सातव्या घटनादुरुस्तीने, भाषिक अल्पसंख्याकांसाठी ३५०-क आणि ३५०-ख हे अनुच्छेद आले. मूळचा अनुच्छेद ३५० आधीपासूनच होता: राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, याबद्दल तो काहीच म्हणत नाही. ही त्याची मोठी उणीव होय. (सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा तरी कुठे मराठीत चालतो? सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी.) तरीही हा हक्क बजावायचा तर हातात पुरावा हवा. कार्बन घालून एकाच ठोक्यात निघालेल्या प्रती शब्दशः एक असतात. एक प्रत कार्यालयात द्यायची, दुसरीवर पोचेचा शिक्का घ्यायचा. मराठी अर्ज दिलाच नव्हता, असे मग कोणी म्हणू शकत नाही. कचेरीत मराठी यंत्र नसले, तरी हातात धरून नेता येण्याजोगे लहान यंत्र घरी असले की हे काम होई. म्हणून आम्हांला मोठ्या यंत्रापेक्षा या लहान यंत्राचे मोल अधिक वाटते.

असेच एक मराठी पोर्टेबल आम्ही शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून घेतले. दुकानदार ते वजनावर विकायला निघाला होता. गाडी ओढणारी दोरी तुटलेली होती. तिथे मासेमारीचा नायलॉन दोरा बांधला. टाइपांच्या दांड्या परत येत नव्हत्या, कारण कोणीतरी त्यांच्या खाचांत शिवणयंत्राचे तेल ओतले होते आणि त्याचा डिंक झाला होता. तिथे तेल कधीच घालू नये. स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश यांनी दोन संध्याकाळी खपल्यावर दांड्या सुटल्या. रबरी रूळ दगडासारखा कडक झाला आहे. त्यावर बारीक काचकागद फिरवला आणि आता कागदामागे आणखी एक कागद घालून चालवतो, नाहीतर अनुस्वार कागदाला भोक पाडतो.

टाइप स्वच्छ झाल्यावर भिंगातून पाहिले, तेव्हा सर्वांत झिजलेला दिसला तो काना. ‘ऱ्’ची खूण या यंत्रावर आहे, आणि तीही बरीच झिजली आहे, आधीच्या मालकाने भरपूर मराठी लिहिले असावे. रिबन अर्ध्या इंचाची, अजूनही मिळते. फक्त ती नव्या रिळावरून काढून यंत्राच्या जुन्या लहान रिळावर हाताने गुंडाळावी लागते, आणि बोटांची शाई दोन दिवस जात नाही.