गोळीचे पायताण



ठासणीच्या बंदुकीत गोळी कोणती घालावी, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. मला या वाटेवर आणले ते एका शब्दाने. फ्रेंच भाषेत लाकडी पायताणाला ‘साबो’ म्हणतात. 1897 साली तूलूझच्या कामगार परिषदेने लढ्याचे हत्यार म्हणून मान्य केलेला ‘साबोताज’ हा शब्द त्यातूनच निघाला. कामगारांनी यंत्रांत आपली पायताणे फेकली, ही कथा रंजक खरी, पण तिला पुरावा नाही. लाकडी पायताण घातल्यासारखे जड, अडखळत काम करणे, एवढाच मूळ अर्थ. तोफेच्या गोळ्याखाली लाकडी बैठक बसवीत, तिलाही साबोच म्हणत.

गोळीला पायताण लागते कशाला? ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासतात. काळ्या दारूची काजळी नळीत साचते, म्हणून गोळी घट्ट असून चालत नाही. कंपनी सरकारच्या जुन्या बंदुकीची नळी 0.75 इंच, तर गोळी 0.69 इंच. मधल्या फटीतून धूर निसटे, गोळी नळीत आपटत जाई आणि नेम देवाच्या हवाली. ही फट भरून काढण्यासाठी कोणी तेलकट चिंधी वापरली, कोणी कागद, कोणी लाकूड. अलीकडे अमेरिकेतले शिकारी 0.50 इंचाच्या नळीत 0.45 इंचाची गोळी प्लास्टिकच्या वाटीत बसवून घालतात. बाहेर पडताच वाटी गळते आणि गोळी पुढे जाते. मात्र त्याला नळीत आटे हवेत, आणि त्यांचा पीळही जलद हवा, सुमारे 28 इंचांत एक फेरा. लांबट गोळी गरगरली नाही तर हवेत कोलांट्या खाते. गोल गोळीला मंद पीळच मानवतो.

हे आपल्याच मुलखात एकाने बारकाईने तपासले होते. 1861 साली मध्यप्रांत झाला आणि चांदा जिल्हा त्यात आला. त्या प्रांताच्या जंगलखात्यात काम केलेल्या जेम्स फॉर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याने 1863 साली शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे असे : जंगलात बार जवळूनच टाकायचा असतो, पण झाडीत अंतराचा अंदाज फसतो. म्हणून गोळीची वाट शक्य तितकी सरळ हवी. त्यासाठी गोळी गोल, चिंधीत गुंडाळलेली, आणि दारू भरपूर. पीळ जलद असला तर जोराने सुटलेली गोळी आटे सोडून घसरते. म्हणून त्याने पीळ ठेवला 104 इंचांत एक फेरा. नळी काही तेवढी लांब नसते. गोळी बाहेर पडेपर्यंत तिचा एक फेरासुद्धा पुरा होत नाही, तरी तेवढ्याने काम भागते! साहेबाला निवड करायला सवड होती, शिसे होते, कारागीर होते.

शिपायाला ती मुभा नव्हती. 0.577 इंच नळीच्या एन्फील्ड रायफलची लांबट गोळी 530 ग्रेनांची. त्याच नळीत बसणारी गोल गोळी हिच्या जेमतेम निम्मी भरेल. हिचे पायताण म्हणजे काडतुसाचा वंगण लावलेला कागद. तो गोळीबरोबरच नळीत जाई. 1857 च्या जानेवारीत दमदम येथे गाईच्या व डुकराच्या चरबीची बातमी पसरली. 27 जानेवारीला सरकारने हुकूम काढला की शिपायांनी वंगण आपल्या पसंतीचे लावावे. वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेला कोणीही सांगेल की आधी न विचारता केलेल्या गोष्टीवर मागून दिलेली सवलत कबुलीजबाबासारखी वाचली जाते. संशय चरबीवरून कागदावर गेला. 24 एप्रिलला मीरतेस नव्वदांपैकी पंचाऐंशी स्वारांनी काडतूस हाती घेण्यास नकार दिला. चरबी हे निमित्त होते असे म्हणणारे विद्वान आहेत. मला ते पटत नाही. जे दातांनी फाडायचे ते कशाचे आहे, हे विचारण्याचा हक्क क्षुल्लक नव्हे.

इकडे चांद्याच्या रानात 1858 साली बाबूराव शेडमाके उठले आणि 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. पुढे 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक परवान्याखाली आली. जंगलकाठच्या शेतकऱ्याकडे परवान्याने उरली ती बिनआट्यांची, साधी ठासणीची. आपल्याकडे तिला भरमार म्हणतात. तिच्यात वाटी काय आणि लांबट गोळी काय, दोन्ही वाया. तिला मानवते ती चिंधीतली गोल गोळी किंवा मूठभर छर्रे, तेही हाकेच्या अंतरावर.

स्वराज्यात केलेल्या 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावाने आहे, आणि तो खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी. 1972 च्या कायद्याने शिकारीवर निर्बंध आले, ते योग्यच झाले. पण रानडुक्कर धानाच्या बांधीत शिरायचे थांबले नाही. 1982 साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. बंदूक ठेवून परतणाऱ्याला धानाची राखण रात्री मचाणावर बसून, टेंभा आणि पत्र्याचा डबा घेऊन करावी लागते.